टीव्ही घ्यायचाय, पण 'एलईडी' म्हणजे नक्की काय घेतोय?

ओसरी

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इमानेइतबारे चाललेला आमचा ४३ इंची टीव्ही परवा रात्री गेला. गेला म्हणजे आवाज येतोय, रिमोटला ओ देतोय, फक्त चित्र नाही. काळाकुट्ट पडदा आणि त्यातून बातम्या ऐकू येताहेत. घरात एकमताने ठराव पास झाला की नवीन घ्यायचा. शोधाशोध करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

दोन दिवस वाचतेय आणि डोकं गरगरतंय. एलईडी, डीएलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, मिनी एलईडी, निओ अमुक, नॅनो तमुक. ही सगळी एका घरातली भावंडं आहेत की नुसती आडनावं सारखी? शिवाय फोर-के, एचडीआर, हर्ट्झ, निट्स वेगळेच. कुणी मुळापासून समजावून सांगेल का? मॉडेल सुचवू नका, ते मी बघेन. काय बघायचं तेवढं सांगा.

वापर: संध्याकाळी बातम्या आणि मालिका, रात्री दिवे मालवून चित्रपट, सुट्टीच्या दिवशी मुलाचे गेम.

तिरशिंगराव

एलईडी म्हणजे एलईडी. त्यात काय मुळापासून समजायचंय? झेपेल तो मोठ्यात मोठा घ्या आणि मोकळ्या व्हा. उगाच काथ्याकूट.

सोल्डरगन

ओसरीताई, जुना टीव्ही इतक्यात टाकू नका. आधी एक करून बघा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करा, आवाज येतोय ना बघा आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, जरा तिरका धरा. उजेड पडतो तिथे निरखून बघा आणि इथे येऊन सांगा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ओसरी

काका, दिसलं!! टॉर्चच्या गोलापुरतं, अगदी फिकट, पण निवेदकाचे ओठ हलताना दिसले. टॉर्च सरकवला की शेजारचा तुकडा दिसतो. खाली सरकणारी बातम्यांची पट्टीसुद्धा वाचता आली. भुताटकी वाटली हो. म्हणजे चित्र आहे आणि दिसत नाही?

सोल्डरगन

अगदी बरोबर बोललात. चित्र आहे, दिवा नाही.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं म्हणजे एलसीडी, म्हणजे द्रव-स्फटिकाच्या पडद्याचा टीव्हीच आहे. चित्र तयार करणारी काच आणि त्यामागचा दिवा अशा दोन स्वतंत्र गोष्टी त्यात असतात. काचेत द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. तो स्वतः काडीचाही प्रकाश देत नाही. त्याचं काम खिडकीच्या झडपेसारखं, मागून आलेला उजेड किती सोडायचा आणि किती अडवायचा एवढंच. काचेच्या दोन्ही अंगांना एकमेकींना काटकोनात लावलेल्या ध्रुवक फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्म असतात. मधल्या स्फटिकांना वीज दिली की त्यांची बैठक बदलते आणि प्रकाश कमीजास्त पार होतो. पुढे लाल, हिरवे, निळे गाळणीचे ठिपके. तीन ठिपक्यांचा मिळून एक पिक्सेल. भिंग असेल तर चालू टीव्हीच्या पांढऱ्या भागावर धरून बघा, पांढरा रंग कुठेच सापडणार नाही.

मागचा दिवा पूर्वी बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा असायचा. त्याच्या जागी एलईडी आले आणि २००९ च्या आसपास कंपन्यांनी 'एलईडी टीव्ही' हे नावच रूढ केलं. दिवा बदलला तर अख्ख्या यंत्राचं बारसं नव्याने केलं. तेव्हापासून लोकांना वाटतं की चित्रच एलईडीचं आहे. ते नाही. इमारतींवर आणि मैदानांत जे अवाढव्य जाहिरात पडदे असतात, त्यांत मात्र चित्र खरोखर एलईडीचं असतं.

तुमच्या टीव्हीत बहुधा मागच्या पट्टीवरचा एखादा एलईडी उडालाय. त्या पट्ट्या सजावटीच्या माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक तुटला की पुरवठा करणारं सर्किट बिघाड ओळखून सगळेच बंद करतं. टीव्ही लावल्या लावल्या क्षणभर चित्र चमकून अंधार होतो का, तेही बघा. तसं होत असेल तर जवळपास खात्रीच. पट्ट्या बदलता येतात, फक्त स्वतः उघडू नका. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देतात आणि काच उचलताना हात चुकला तर पट्ट्यांसोबत टीव्हीही गेला. जाणकाराकडून करून घ्या.

ओसरी

हो हो, क्षणभर चमकतो! मुलगा म्हणत होता, मी लक्ष दिलं नाही.

तिरशिंगराव

हे ठाऊक नव्हतं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणायचं. पहिला प्रतिसाद मागे घेतो, फक्त अर्धा. मोठा घ्या यावर ठाम आहे.

भोवरा

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या जुन्या टीव्हीवर दोन-तीन ठिकाणी पांढरे गोल डाग दिसायचे, टॉर्च मारल्यासारखे. ते पण याच पट्ट्यांचं का?

सोल्डरगन

हो. थेट मागे एलईडी असलेल्या टीव्हीत प्रत्येक एलईडीवर प्लास्टिकचं बटणाएवढं भिंग चिकटवलेलं असतं, उजेड पसरवायला. उष्णतेने गोंद सुटतो, भिंग गळून खाली पडतं आणि तिथला उजेड न पसरता थेट समोर येतो. दुरुस्तीला आलेले टीव्ही उघडले की तळाशी ही भिंगं खुळखुळायची. मी एका डबीत जमा करून ठेवली होती.

आणि हे सगळं लवकर का होतं, तर लोक बॅकलाइट कायम शंभरावर ठेवतात. तो साठ-सत्तरवर आणला तर एलईडी कमी तापतात आणि जास्त जगतात. चित्रात विशेष फरक पडत नाही, डोळे दोन दिवसांत सरावतात.

अक्षांश

काकांनी पाया घातलाच आहे, तर नावांचा गुंता सोडवतो. दोन प्रश्न विचारायचे: दिवा कुठे आहे? आणि दिव्याचे किती भाग वेगवेगळे कमीजास्त करता येतात?

एज-लिट: एलईडी पडद्याच्या कडेला, बहुतेकदा खालच्या. ॲक्रिलिकची ठिपके कोरलेली पाटी तो उजेड पडद्याभर पसरवते. टीव्ही सडपातळ होतो, पण अंधाऱ्या दृश्यात कडेने आणि कोपऱ्यांतून उजेड पाझरतो.

डायरेक्ट-लिट, म्हणजेच डीएलईडी: एलईडी पडद्याच्या पाठीमागे पसरलेले, मात्र सगळे एकदमच उजळतात किंवा एकदमच मंद होतात. टीव्ही जाड, उजेड बऱ्यापैकी एकसारखा.

फुल ॲरे लोकल डिमिंग: एलईडी मागेच, पण त्यांचे गट पाडलेले. त्याला झोन म्हणतात. रात्रीच्या आकाशात चंद्र असेल तर चंद्रामागचा झोन उजळतो, बाकीचे मंद होतात. काळा रंग राखाडी दिसायचा तो इथे काळा दिसायला लागतो.

मिनी एलईडी: तीच कल्पना, एलईडी मात्र साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून लहान, त्यामुळे संख्येने खूप जास्त आणि झोन शेकड्यांत, हजारांत. २०१९ पासून हे टीव्ही बाजारात आहेत.

ओएलईडी मात्र या घरातलं नाही. तिथे मागे दिवाच नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. पहिला ओएलईडी टीव्ही सोनीने २००७ मध्ये विकायला काढला, पडदा जेमतेम ११ इंचांचा होता.

झोनबद्दल एक हिशेब करून बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. झोन ५०० असतील तर एका झोनच्या अंगावर साडेसोळा हजार पिक्सेल येतात. झोन २००० केले तरी चार हजारांवर. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धूसर उजेडाचं वलय दिसतं. झोन जास्त असले की वलय लहान होतं, पण नाहीसं होत नाही. ओएलईडीत ते मुळातच नाही.

पागोळी

आणि क्यूएलईडी? त्याला तर लोक ओएलईडीचा भाऊ समजतात.

अक्षांश

एका अक्षराच्या शेपटीचा फरक आणि त्यात भलेभले फसतात. क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर उजेड देणारा फॉस्फरचा लेप. त्यातून निघणाऱ्या पांढऱ्या उजेडात शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा जरा अशक्तच असतो. क्यूएलईडीत, म्हणजे क्वांटम डॉटच्या टीव्हीत, निळा उजेड एका फिल्ममधून जातो. त्या फिल्ममध्ये काही नॅनोमीटरचे कण असतात, तेच क्वांटम डॉट. पदार्थ एकच असला तरी कणाच्या आकारावर रंग ठरतो, जरा मोठा कण लाल उजेड देतो, लहान कण हिरवा. त्यामुळे तिन्ही रंग स्वच्छ मिळतात. क्यूएलईडी हे नाव सॅमसंगने २०१७ मध्ये आणलं, नंतर बाकीच्यांनीही उचललं.

म्हणजे क्यूएलईडी या शब्दावरून रंगांबद्दल काहीतरी कळतं, काळ्याबद्दल काहीही नाही. क्यूएलईडी लिहिलेला टीव्ही एज-लिट असू शकतो, झोन शून्य असू शकतात. दोन्ही प्रश्न पुन्हा विचारायचेच.

अवांतर: या टीव्हीच्या पाठीत दोन नोबेलं आहेत. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, क्वांटम डॉटसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना. आणि द्रव-स्फटिक कुणाला सापडला? १८८८ साली प्रागमध्ये गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करणाऱ्या रायनित्झर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला. त्याचा पदार्थ दोनदा वितळायचा. १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ ला स्वच्छ. बिचारा चक्रावलाच.

तिरशिंगराव

गाजरापासून टीव्ही. चालू द्या.

पागोळी

मी घाईत टीव्ही घेऊन पस्तावलेली बाई आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे सोफा समोर आणि सासऱ्यांची खुर्ची बाजूला, खिडकीपाशी. नवा टीव्ही आला, समोरून झकास. सासरे दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यात सगळ्यांचे चेहरे आजारी का दिसतात?" मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले तर खरंच, रंग धुतल्यासारखे. काळा कोट राखाडी. आधी कधी बाजूने बघितलंच नव्हतं.

मग कळलं की काचेचे दोन प्रकार असतात, आयपीएस आणि व्हीए. अक्षांश, हे नीट सांगाल का? खोक्यावर तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अक्षांश

खोक्यावर सहसा नसतंच. झडप कशी मिटते यावरून हे प्रकार. व्हीएची झडप घट्ट मिटते, समोरून बघितलं तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त मिळतं. बाजूने मात्र रंग उतरतात. आयपीएस बाजूनेही बरा दिसतो, पण त्याची झडप गळकी, प्रमाण हजारास एकच्या आसपास. दिवे मालवून चित्रपट बघायचा तर आयपीएसवर रात्र काळी दिसत नाही, धुक्यासारखी दिसते.

ओळखायचं कसं? मोबाईलचा कॅमेरा पडद्याला जवळजवळ टेकवून मॅक्रो फोटो काढा. ठिपके बाणाच्या टोकासारखे वाकडे दिसले तर बहुधा आयपीएस, सरळ उभे आणि मधोमध दुभंगलेले दिसले तर बहुधा व्हीए. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगळी काच असू शकते. ५० इंचीचं वर्णन वाचून ५५ इंची घेऊ नका.

जाहिरातीतलं 'दहा लाखास एक' वगैरे काँट्रास्ट वाचून पुढे जा. तो पडदा पूर्ण मंद केल्यावरचा काळा आणि पूर्ण उजळल्यावरचा पांढरा यांचा भागाकार. दोन्ही एका वेळी दिसतच नाहीत.

ओसरी, कोण कुठे बसतं तुमच्याकडे? आणि डोळ्यापासून पडद्यापर्यंत अंतर किती? टेपने मोजा, अंदाजे नको.

ओसरी

मोजलं. २.६ मीटर. सगळे समोरच बसतो, मुलगा तेवढा जमिनीवर लोळत. टेबल ११० सेंटिमीटर रुंद.

अक्षांश

छान. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा तर पडदा डोळ्यापाशी साधारण ३० अंशांचा कोन करेल इतका असावा, असा एक जुना संकेत आहे. त्याचा सोपा हिशेब म्हणजे अंतर भागिले १.६. तुमचे २.६ मीटर म्हणजे कर्ण सुमारे १६० सेंटिमीटर, ६४ इंच. म्हणजे ५५ छान, ६५ घेतला तरी डोळ्यावर येणार नाही. ४३ वरून ५५ वर गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ ६४ टक्के वाढतं. इंच बारा वाढले तरी फरक दीडपटीच्या वर.

आता फोर-के. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या हिश्शाइतका तपशील वेगळा करता येतो. ५५ इंची पडदा १२१.८ सेंटिमीटर रुंद. फुल एचडीत एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा, तो २.२ मीटरपलीकडून सुटा दिसत नाही. फोर-केचा निम्मा, तो १.१ मीटरपलीकडून दिसत नाही. तुम्ही बसता २.६ वर.

ओसरी

म्हणजे फोर-के घेऊच नको?

अक्षांश

घ्या, कारण या आकारात चांगली काच, झोन आणि प्रोसेसर फोर-के मॉडेलांतच मिळतात. पण त्यासाठी जीव टाकू नका आणि आठ-के तर विसराच. एवढ्या अंतरावरून डोळ्याला आधी कळतो तो काळा किती काळा हा फरक, पिक्सेलची संख्या नंतर.

टेबलाचं मात्र आधी बघा. ५५ इंचीचे पाय बऱ्याच मॉडेलांत दोन टोकांना असतात, त्यांतलं अंतर ११० च्या पुढे गेलं तर टीव्ही टेबलावर बसणारच नाही. पायांमधलं अंतर माहितीपत्रकात असतं, कुणी वाचत नाही.

तिरशिंगराव

आमचे पाय टेबलाबाहेर गेले होते. खाली फळी टाकली. अजून आहे.

मध्यांतर

चित्रपटांचा विषय निघालाय तर राहवत नाही. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट एचडीआर, म्हणजे खूप उजळ आणि खूप गडद एकाच चित्रात दाखवायची पद्धत. आज सगळ्यांवर 'एचडीआर' छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो असा नाही. साधा चित्रपट घरासाठी तयार करताना सुमारे १०० निट्सचा उजेड धरतात. एचडीआर बहुधा १००० निट्सवर करतात, काही ४०००. हे निट्स म्हणजे पडद्याच्या चौरस मीटरमागे किती प्रखरता. आता जो टीव्ही कसाबसा अडीचशे-तीनशे निट्स देतो आणि ज्याला झोनच नाहीत, तो हजार निट्सची ठिणगी आणि शेजारचा गडद काळोख एका चौकटीत दाखवणार कसा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! असा टीव्ही सगळं चित्र खाली दाबतो आणि एचडीआर लावल्यावर ते उलट अंधारं दिसतं. मग लोक म्हणतात एचडीआर वाईट. माझ्या मते झोन असावेत आणि निट्स सहाशेच्या पुढे असावेत, तर एचडीआरची गोष्ट करा. नाहीतर साध्या सिग्नलवर सुखी राहा, त्यात काही कमीपणा नाही.

एचडीआर-१०, एचडीआर-१० प्लस, डॉल्बी व्हिजन ही त्याची रूपं. पहिल्यात उजेडाच्या सूचना पूर्ण चित्रपटाला मिळून एकदाच, बाकी दोघांत दृश्यागणिक. ज्याच्याकडे निट्स कमी त्याला या दृश्यागणिक सूचनांचा जास्त उपयोग, कारण काय राखायचं आणि काय सोडायचं ते दर वेळी नव्याने ठरवता येतं.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यावर माझा खरा राग आहे. नवा टीव्ही घरी आला की चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. सगळं गुळगुळीत, तुळतुळीत, जणू कॅमेऱ्यामागे कुणी उभं राहून घरगुती चित्रण करतंय. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून भरतो. 'मोशन' किंवा 'स्मूथ' असं काहीतरी नाव असलेली ती सोय आधी बंद करा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी घेऊन एवढंच सांगायला व्हिडिओ काढला होता. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तो असेल तर लावा, नसेल तर 'सिनेमा'. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. दुकानातला निळसर भगभगीत 'व्हिव्हिड' डोळ्यात बसलेला असतो म्हणून. आठवडाभराने परत व्हिव्हिड लावून बघा, मग कळेल.

शार्पनेसही खाली आणा. तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी किनार काढतो.

भोवरा

मोशन रेट २००, २४० असं लिहितात ते काय मग?

मध्यांतर

बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा आकडा. 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' विचारा, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो. तो बहुतेकदा ६० किंवा १२० असतो. काही ठिकाणी ५० आणि १०० लिहितात. साठाला चोवीसने भागलं तर अडीच येतात, अर्धी चौकट कशी दाखवणार? म्हणून एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, असं करत टीव्ही वेळ मारून नेतो आणि कॅमेरा संथ फिरताना चित्र हिसके खातं. एकशेवीसला चोवीसने भागलं की नेमके पाच. खेळांच्या प्रक्षेपणातही १२० चा फायदा होतो.

कळफलक

गेमवाल्यांसाठी थोडक्यात. नवीन कन्सोल फोर-के १२० वर चालवायचा तर ४८ जीबीपीएसपर्यंत जाणारं एचडीएमआय २.१ हवं, २.० ची धाव १८ पर्यंत. पण '२.१' हा शब्द बघून थांबू नका. नियमच असे आहेत की त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक. फोर-के १२०, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणं) आणि एएलएलएम (गेम सुरू होताच आपोआप गेम मोड लागणं) ही तीन नावं वेगवेगळी लिहिलेली हवीत. आणि कितव्या सॉकेटला आहेत तेही बघा, बऱ्याचदा चारपैकी एकदोनच असतात. गेम खेळताना गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर टाळणारा) लावा, नाहीतर बटण दाबल्यावर पात्र उडी मारेपर्यंत खड्ड्यात पडलेलं असतं.

पागोळी

आवाजाचंही बघा कुणीतरी. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात. संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि पार्श्वसंगीत अंगावर. आम्ही शेवटी साउंडबार जोडला, एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलेल्या एचडीएमआयला. एकाच रिमोटवर दोन्ही चालतं.

भोवरा

स्मार्टपणाचं माझं मत: त्यावरून टीव्ही निवडू नये. काच दहा वर्षं चालते, आतलं सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत धापा टाकायला लागतं. माझ्या टीव्हीत ॲप उघडेपर्यंत मी आलो कशासाठी तेच विसरतो. मग मागे एक काडी (ॲप चालवणारी स्ट्रीमिंग स्टिक) खोचली, प्रश्न मिटला. काच मात्र मागाहून खोचता येत नाही.

ओसरी

मंडळी, आता एवढंच सांगा, दुकानात उभी राहिले की काय करू? तिथे सगळेच सुंदर दिसतात.

सोल्डरगन

तिथे फुलं, पोपट आणि सोनेरी वाळवंट लावलेलं असतं. असं चित्र दगडावरही सुंदर दिसेल. तुम्ही पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्या. पूर्ण करडी पाटी, पूर्ण काळी पाटी आणि तुमच्या आवडीच्या चित्रपटातला अंधारातला एखादा तुकडा, खाली पांढरी अक्षरं असलेला.

टीव्ही आधी दुकानाच्या मोडमधून काढून सिनेमावर टाकायला सांगा. करड्या पाटीवर धुरकट डाग आणि उभे पट्टे दिसतात का बघा. हे डाग क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा फिरला की नजरेत येतात आणि मग जात नाहीत. काळ्या पाटीवर कोपरे बघा, हाताने वरच्या दिव्याचा उजेड अडवून. अंधाऱ्या तुकड्यावर अक्षरांभोवतीचं वलय. मग दोन पावलं बाजूला सरका. शेवटी मोबाईलचा कॅमेरा चालू करून पडद्यावर धरा. काळे पट्टे धावताना दिसले तर दिवा झपाट्याने लुकलुकतोय, मंद करण्यासाठी तसं करतात. बऱ्याच लोकांना त्रास होत नाही, पण ज्यांचं डोकं चटकन दुखतं त्यांनी बघावं.

आणि घरी आणताना टीव्ही उभाच आणा. आडवा झोपवला तर खड्ड्यात काच वाकते. असे फुटलेले इतके बघितलेत की मोजणं सोडलं.

तिरशिंगराव

या सगळ्यापेक्षा सरळ ओएलईडी घ्यावा ना? वलय नाही, झोन नाहीत, कटकट नाही.

अक्षांश

अंधारात चित्रपट बघणाऱ्याला त्याच्या जवळपास काही नाही, मान्य. पण ओसरींकडे रोज बातम्या आहेत. वाहिनीचं चिन्ह आणि खालची पट्टी रोज तासन् तास त्याच जागी. ओएलईडीचे पिक्सेल वापराप्रमाणे झिजतात, त्यामुळे असं चित्र वर्षांनी ठसा सोडू शकतं. पूर्वीपेक्षा आता बरंच सावरलंय, तरी बातम्यांच्या घरात मी एलसीडीच सुचवेन.

ओसरी

मंडळी, तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय.

आधी जुन्याचं. पट्ट्या बदलून मिळाल्या. उघडताना मी मुद्दाम उभी राहिले. काच बाजूला काढून ठेवली तेव्हा ती इतकी पातळ आणि निर्जीव दिसत होती की इतकी वर्षं आपण हिच्याकडे बघत होतो यावर विश्वास बसेना. मागे नुसत्या पांढऱ्या पत्र्यावर एलईडीच्या पट्ट्या. बत्तीस एलईडी मोजले, त्यातला एकच काळा पडलेला. एकाने एकतिसांना झोपवलं होतं. आता तो टीव्ही मुलाच्या खोलीत आहे, बॅकलाइट साठवर. मुलगा खूश, मी नाही.

नवा ५५ इंची घेतला. व्हीए काच, मागे झोन असलेला, १२० चा. पाय आतल्या बाजूला लावायचीही सोय होती म्हणून टेबलावर बसला. पेन ड्राइव्ह नेला होता. विक्रेता आधी हसला, पण करड्या पाटीवर एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींत फरक दिसला तेव्हा तोही वाकून बघायला लागला.

पण एक तक्रार आहे आणि ती तुमच्याबद्दल आहे. आता कुठलाही चित्रपट लावला की मी गोष्ट बघतच नाही. अक्षरांभोवतीचं वलय बघते. परवा नायिका मरत होती आणि मी नवऱ्याला म्हटलं, बघ बघ, झोन उशिरा विझला. तो म्हणाला, हा धागा काढलाच कशाला तू.

सोल्डरगन

हा हा. ताई, टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक लहानसा मंद पांढरा दिवा लावा. डोळ्यात थेट येता कामा नये, भिंतीवर फक्त फिकट उजेड हवा. पूर्ण अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि थोडासाही करडेपणा जाणवतो. मागे थोडा उजेड असला की तोच काळा जास्त काळा वाटतो.

ओसरी

लावला. वलय अजून आहे, पण शोधावं लागतं. काल नायक मेला तेव्हा रडले.